पत्रं राहतात कुठे?

डोंबिवलीत आमच्या शेजारच्या काकांना २००६ साली मी संगणकावर ई-मेलचं खातं जोडून दिलं. मुलगा परदेशी, आणि त्याची पत्रं वाचायला काकांना दर वेळी सायबर कॅफेचा जिना चढावा लागे. तेव्हा ठाण्याला एमटीएनएलचा फोन आणि कोड ०२२. दिवा ओलांडून डोंबिवली-कल्याणला आलं की बीएसएनएल आणि ०२५१. डायल-अपची तऱ्हा मात्र दोन्हीकडे एकच. फोन अडकलेला आणि मीटर पळतंय. म्हणून आउटलुक एक्स्प्रेससारखा मेल प्रोग्राम सोयीचा वाटे. लाइन जोडायची, टपाल उतरवून घ्यायचं, लाइन तोडायची आणि मग चहा घेत निवांत वाचायचं.

खातं जोडताना येणाऱ्या टपालाचा प्रकार विचारला, मी ‘पॉप’ निवडला. पॉप म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल. नावाप्रमाणेच पत्र कचेरीतून घरी आणायचं. आणि वेगळं सांगितलं नसेल, तर कचेरीतली प्रत पुसून टाकायची. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ असा एक चौकोन आतल्या एका पानावर होता. तिथे खूण करायला मी विसरलो. खरं सांगायचं तर ते पान मी उघडलंच नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात भारनियमनाच्या दिवसांत वीज जा-ये करत होती. एका दुपारी काकांची हार्ड डिस्क सुरूच झाली नाही. वर्षभराची पत्रं गेली. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दुसरा प्रकार ‘आयमॅप’. यात पत्र सर्व्हरवरच राहतं, संगणक आणि फोन दोन्ही तेच दाखवतात. जीमेलनं ही सोय २००७ साली दिली. आज थंडरबर्डसारख्या प्रोग्राममध्ये पत्ता टाकला की बाकीचं बहुतेक तो स्वतःच शोधतो. हाताने भरायचं झालं, तर आयमॅपला पोर्ट ९९३. जाणाऱ्या टपालाचा सर्व्हर, म्हणजे एसएमटीपी, वेगळा, त्याला ४६५ किंवा ५८७. ‘टपाल येतं, पण जात नाही’ अशी तक्रार आली, की आधी हे दुसरं पान तपासावं.

पासवर्ड बरोबर असूनही नाकारला गेला, तर स्वतःला दोष देऊ नका. गूगलनं २०२२ पासून वैयक्तिक खात्यांना नुसत्या पासवर्डनं बाहेरच्या प्रोग्राममधून आत येणं बंद केलं आहे. नव्या प्रोग्राममध्ये गूगलचंच पान उघडतं, तिथे परवानगी द्यायची. जुना असेल तर खात्यात दुहेरी पडताळणी सुरू करून सोळा अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ घ्यायचा.

आता काका नाहीत. मेल काकू बघतात. मागे त्यांनी फोन भरला म्हणून जुनी पत्रं पुसली, आणि ती संगणकावरूनही दिसेनाशी झाली! आयमॅपचा स्वभावच तो. आरसा दोन ठिकाणी असला तरी वस्तू एकच. नशिबाने ती कचरापेटीत सापडली. त्या दिवशी थंडरबर्डच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये मुलाच्या पत्रांच्या प्रती काढल्या आणि ते फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवलं. काकूंनी त्याला लाल दोरा बांधून तो देव्हाऱ्याच्या खणात ठेवला आहे.