एक वर्षाची उमेदवारी



शास्त्रज्ञ स्त्रियांवर बोलायला संयोजकांनी कामगार चळवळीतला माणूस उभा केला, याचे मला प्रथम नवल वाटले. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन संघटनेच्या कचेरीत झाले. पण कमलाबाई सोहोनींची हकीकत वाचताना मला ती परकी वाटली नाही.

1933 साली कमला भागवत, म्हणजे दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण, मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिल्या आल्या आणि त्यांनी बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेकडे अर्ज केला. वडील नारायणराव तिथेच शिकलेले. संचालक सर सी. व्ही. रामन, नोबेल पारितोषिकाचे मानकरी. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एवढेच की अर्जदार मुलगी. कमलाबाई बंगळूरला गेल्या, कारण विचारले आणि हटल्या नाहीत. अखेर रामन कबूल झाले, पण अटीवर: एक वर्ष उमेदवारी, काम पसंत पडले तरच प्रवेश कायम, आणि मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये. लक्ष मुलांचे, अट मुलीला!

मंडळी, ही उमेदवारी माझ्या ओळखीची आहे. एका कारखान्यात बायकांना अकरा महिन्यांनी काढून पुन्हा नव्या म्हणून घेत. कांद्याच्या खळ्यावर निवडणीला बसणाऱ्या भगिनींना तर मी काय सांगावे? असली अट मानू नका, हेच मी जन्मभर सांगत आलो.

कमलाबाईंनी अट मानली. अपमान मात्र त्या विसरल्या नाहीत. श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर असे काम केले, की वर्षअखेर प्रवेश कायम झाला आणि पुढे इतर मुलींनाही ते दार उघडले. माझा सल्ला त्यांनी ऐकला असता तर? याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. त्या एकट्या होत्या. संप करायला दुसरी बाईच नव्हती.

पुढे केंब्रिज. वनस्पतींच्या पेशी श्वसन कशा करतात, यावर अवघ्या चाळीस पानांचा प्रबंध लिहून 1939 साली त्या पीएच.डी. झाल्या. परतल्यावर मुंबईत त्यांनी नीरेचा अभ्यास केला. ताडामाडाच्या या रसातली जीवनसत्त्वे व लोह कुपोषित मुलांच्या उपयोगी पडतात, हे त्यांनी दाखवले. राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले ते या कामाला.

मुंबईच्या विज्ञानसंस्थेचे संचालकपद त्यांना मिळाले, पण काही वर्षे डावलल्यानंतर. तेव्हा अट कोणी घातली नव्हती, नुसता उशीर केला.

आता कोणाला काही विचारावयाचे असल्यास विचारावे. पुढे बसलेल्या मुलींनी आधी.