खुराड्यातली टोचाटोच



खेड्यातल्या घरी आठ-दहा कोंबड्या असतात, त्या बहुधा घरातल्या बाईच्या असतात. अंड्यांच्या पैशांतून मुलाची वही येते, चहा-साखर येते, अडीअडचणीला औषधही येते. अशा घरी एखादी कोंबडी पाठ सोललेली, रक्ताळलेली, कोपऱ्यात अंग चोरून बसलेली दिसली, तर ते नुकसान लहान नव्हे. शिवाय एकीची खोड पाहता पाहता साऱ्या खुराड्याला लागते. म्हणून आज या टोचाटोचीविषयी बोलू.

पहिली गोष्ट ही, की कोंबड्यांचे टोचणे दोन प्रकारचे असते आणि दोहोंवर उपाय वेगळे आहेत.

एक प्रकार मानपानाचा. थोर्लेफ शेल्डरुप-एबे नावाच्या नॉर्वेजियन अभ्यासकाला लहानपणापासून कोंबड्या न्याहाळण्याचा नाद होता. त्याने १९२२ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. कळपात पहिली कोण, दुसरी कोण, शेवटची कोण, हे ठरलेले असते. वरची खालचीला टोचते, खालची वाट सोडते. आपल्याकडे 'बळी तो कान पिळी' म्हणतात, तेच हे. हा टोचा समोरून, डोक्यावर किंवा तुऱ्यावर बसतो. एकदा क्रम ठरला, की नुसती मान उंचावली तरी काम भागते. ही भांडणे बहुधा आपोआप मिटतात. आपण मध्ये पडण्याचे कारण नसते.

दुसरा प्रकार पिसे उपटण्याचा. इथे भांडण नसतेच. एक कोंबडी मुकाट्याने मागून येते आणि दुसरीच्या पाठीचे किंवा शेपटीच्या मुळाशी असलेले पीस ओढते, पुष्कळदा खाऊनही टाकते. कातडी उघडी पडते, रक्ताचा थेंब दिसतो, आणि मग लाल रंग पाहून बाकीच्याही तुटून पडतात. यात कोंबडी मरतेसुद्धा.

हे का होते? मोकळी कोंबडी दिवसभर काय करते ते पहा. उकिरडा उकरते, पाचोळा उलटते, किडा टिपते, गवताचे टोक तोडते. चोचीला दिवसभर काम असते. कुत्र्या-मुंगसाच्या भीतीने, नाहीतर शेजाऱ्याच्या रोपांसाठी, आपण तिला जाळीत कोंडतो. खाद्य भांड्यात आयते मिळते, पोट लवकर भरते, चोच मात्र रिकामी राहते. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी. तशी ही रिकामी चोच शेजारणीच्या पिसाला लागते. शास्त्रज्ञही आज बहुतांशी हेच मानतात, की हा राग नव्हे. उकरून टिपण्याची उपजत वृत्ती भलतीकडे वळलेली असते. यात दाटी, कडक उजेड, अंगावरच्या उवा-पिसवा, खाद्यातली प्रथिनांची किंवा मिठाची उणीव यांची भर पडली, की खोड जोर धरते.

मात्र पिसे गेलेली दिसली, की लगेच टोचाटोच समजू नये. वर्षाकाठी कोंबडी पिसे झडते, तेव्हा आत नवी खुंटे दिसतात. कोंबड्याच्या पायांनीही पाठीची पिसे जातात. म्हणून आधी दहा मिनिटे गप्प उभे राहून पाहावे.

आता उपाय. रक्त निघालेली कोंबडी त्याच क्षणी वेगळी करावी, जखम धुऊन हळद लावावी. जखम खोल असेल तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. पण तिला परसात दूर नेऊन ठेवू नये. पंधरा दिवसांनी परतलेली कोंबडी कळपाला परकी वाटते आणि पुन्हा मार खाते. त्याच खुराड्यात जाळीआड ठेवावी, म्हणजे ओळख टिकते. नव्या कोंबड्या आणतानाही हाच नियम: एकटी आणू नये, दोन-तीन आणाव्यात आणि आठवडाभर जाळीपलीकडून एकमेकींना पाहू द्यावे. एकच कोंबडी दांडगाई करीत असेल, तर तीन-चार दिवस तिलाच बाहेर काढावे. परत येते तेव्हा तिचा तोरा उतरलेला असतो.

चोचीला काम द्यावे. थोडे दाणे भाताच्या तुसात किंवा पाचोळ्यात विखरावेत. मेथीची नाहीतर कोबीच्या पाल्याची जुडी मानेच्या उंचीवर टांगावी. कोपऱ्यात कोरडी माती आणि राख ठेवावी, म्हणजे अंग घुसळून उवा जातात. नुसत्या कणी-ज्वारीवर कोंबडी पोसत नाही. बुरशी न लागलेली शेंगदाणा पेंड, थोडी सुकट आणि शिंपल्यांचा चुरा हवा. खाद्याची दोन भांडी दूरदूर ठेवावीत, म्हणजे दांडगीला दोन्हीकडे पहारा देता येत नाही. आत कोंबडीमागे निदान दोन चौरस फूट जागा हवी. दिवसभर कोंडायची तर दुप्पट द्यावी. चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालायला एक अंधारी पेटी असावी, कारण अंडे घालताना लाल दिसणाऱ्या जागेवरही चोच पडते.

काही जण चोच कापण्याचा सल्ला देतात. चोच म्हणजे नुसते नख नव्हे. तिच्यात मज्जातंतू असतात, कापताना वेदना होतात. घरच्या दहा कोंबड्यांसाठी त्याची गरज पडू नये.

शिक्षकांना एक सुचवतो. शाळेजवळ कोणाच्या कोंबड्या असतील, तर मुलांना घेऊन जा. प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाचा सैल दोरा बांधा; लाल तेवढा टाळा. दाणे टाकल्यावर पंधरा मिनिटे कोणी कोणाला टोचले, हे मुलांना वहीत मांडू द्या. चार दिवसांत खुराड्याची सारी उतरंड कागदावर येईल, आणि पाहून मगच बोलावे, ही सवय मुलांना लागेल.

थोडक्यात, समोरून डोक्यावर टोचा असेल तर धीर धरा. मागून पिसावर असेल तर उशीर करू नका. आणि कोंबडीला खोडकर ठरवून सुरी शोधण्यापूर्वी खुराड्यात एकदा वाकून पाहा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो, आणि तो दूर करायला मूठभर दाणे, पाल्याची जुडी आणि टोपलीभर राख पुरते.