मागच्या बाकावरचे मूल



हीरक महोत्सवात शाळेच्या गुणवंतांची नावे अभिमानाने घेतली जातात. त्याच वर्गांतून काही मुले मान खाली घालून निघून गेली. त्यांची नोंद कोठेच नसते. हे चार शब्द त्यांच्यासाठी.

दुसरीतले एखादे मूल ऐकलेली गोष्ट रंगवून सांगते. पुस्तक समोर येताच मात्र अडखळते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत त्याची गफलत होते, वेलांटी सुटते, जोडाक्षर पाहून ते गप्प बसते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेत तर घरची मराठी, प्रांताची भाषा व लिपी, हिंदी आणि इंग्रजी त्याच्यापुढे एकदमच उभ्या राहतात. मग कोणी त्याला ‘आळशी’ म्हणते, तर कोणी ‘भाषांच्या गर्दीमुळे होते, सुधारेल’ असे समाधान करून घेते. दोन्हींत मोलाची वर्षे जातात.

नव्या भाषेमुळे गोंधळलेले मूल बहुधा सरावाने सावरते. अध्ययन अक्षमता असलेले मूल सरावानंतरही, घरच्या भाषेतही अडखळत राहते. म्हणून त्याची पारख मातृभाषेतही व्हावी लागते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने सिद्ध केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे.

आधी डोळे व कान तपासावेत. मग बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांचा सल्ला घ्यावा. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होते आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेस मान्यता दिली. तिचे प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळते. मदतीला मात्र प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही.

वाळूत अक्षर गिरवून घेणे, ध्वनी आणि अक्षर यांची जोड पुनःपुन्हा बसवणे, उत्तर तोंडी ऐकणे, लिहिण्यास अधिक वेळ देणे, चारचौघांत मोठ्याने वाचण्याची सक्ती न करणे, एवढे कोणत्याही वर्गात आजच सुरू होऊ शकते. घरी रोज पंधरा मिनिटे पुरतात. मात्र त्यांत भावंडांशी तुलना नसावी.

अशा मुलाच्या बुद्धीत उणे नसते. त्याची वाट वेगळी असते. ती वाट शोधण्याचे काम त्या सात वर्षांच्या जिवावर सोपवता येत नाही. ते वडीलधाऱ्यांचे आहे, आणि साठ वर्षांची शाळा वडीलधारीच असते.