अनुताई आणि आपला हजेरीपट

(१९७६ च्या दहावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

आदरणीय गुरुजन, शाळेचे आजचे शिक्षक आणि पन्नास वर्षांनंतरही मला 'मॉनिटर' म्हणूनच हाक मारणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी आम्हा वक्त्यांना एकच सूचना दिली होती. आपल्या डहाणू-बोर्डीच्या पट्ट्यातल्या, आपण विसरता कामा नये अशा एका व्यक्तीबद्दल दहा मिनिटे बोलायचे. मी अनुताई वाघ यांचे नाव कळवले. त्यावर समितीतला एक मित्र म्हणाला, "अरे, त्यांच्यावर सगळेच बोलतात. तू नवीन काय सांगणार?" त्याचे बरोबर आहे. मी जे सांगणार आहे त्यातले अनुताईंबद्दलचे बरेचसे तुम्हाला माहीत असेल. नवीन आहे ते माझ्याबद्दलचे, आणि ते फारसे अभिमानाचे नाही.

अनुताईंशी माझा परिचय होता असा दावा मी करणार नाही. सहावीत असताना आपली सहल कोसबाडच्या टेकडीवर गेली होती, आठवते? डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी होती. विकासवाडीतली वारली मुले जमिनीवर बिया, शिंपले, पाने मांडून काहीतरी मोजत बसली होती. आम्ही चारपाच जणांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. ही कसली शाळा? बाक नाहीत, घंटा नाही, शेजारी झोळीत तान्ही पोरे झोपलेली. आम्ही हसलो. त्या टेकडीवर काय चालले आहे हे कळायला मला पुढे निम्मे आयुष्य लागले.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत वैधव्य आले. तेरा वर्षे म्हणजे आपले आठवीचे वय, हे लक्षात ठेवा. मी पुन्हा त्याकडे येणार आहे. त्या काळी अशा मुलीचे नाव जणू समाजाच्या पटावरूनच कमी होत असे. स्वयंपाकघराचा कोपरा, लाल आलवण, आणि पुढची सगळी वर्षे तशीच. अनुताई शिकल्या. शिक्षिका झाल्या, नाशिक जिल्ह्यात खेड्यात शिकवले, मग पुण्याला हुजूरपागेत आल्या. दिवसा मुलींना शिकवायचे आणि रात्रीच्या शाळेत स्वतः शिकायचे, असे करून मॅट्रिक झाल्या. बी.ए. झाल्या तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती. इथे बसलेल्यांपैकी ज्यांना स्मार्टफोन शिकायचा कंटाळा येतो त्यांनी याची नोंद घ्यावी.

१९४५ साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचे ग्रामसेविकांचे शिबिर होते. तिथे त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केले होते, आणि आता त्यांना ते खेड्यात न्यायचे होते. त्याच वर्षी बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू झाले आणि अनुताई तिथे आल्या. तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. पुण्यातली बरी नोकरी सोडून ओळखीचे कोणी नसलेल्या गावी यायचे हे वय नव्हे. पण त्या आल्या त्या परत गेल्याच नाहीत. २७ सप्टेंबर १९९२ ला वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्या गेल्या. म्हणजे सत्तेचाळीस वर्षे त्या आपल्या या पट्ट्याच्या होत्या. आपल्यापैकी कितीतरी जण इथे जन्मले, पण इथे सत्तेचाळीस वर्षे राहिले नाहीत. मीसुद्धा त्यांतलाच.

आता त्यांनी काय केले ते थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे आपण नेहमी 'आदिवासींसाठी महान कार्य' एवढे म्हणून पुढे जातो.

बोर्डीला पहिली अडचण अशी की बालवाडी उघडली तरी ज्यांच्यासाठी उघडली ती मुले येईनात. आईबाप पहाटे कामावर जाणार, मग लहानग्यांना न्हाऊमाखू घालून, केस विंचरून शाळेत कोण पाठवणार? तेव्हा बालवाडीच मुलांच्या वस्तीत गेली. कोणाच्या तरी अंगणात बसायचे, मुलांना गोळा करायचे, आधी आंघोळी घालायच्या, नखे कापायची, आणि मग गाणी-गोष्टी. मुलाच्या अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. आज काश्मीरपासून केरळपर्यंत गावोगाव जी अंगणवाडी आहे, तिचे मूळ आपल्या घोलवड स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आहे. आपण मात्र बाहेरगावी गेलो की चिकूचेच सांगतो.

दुसरी अडचण साधनांची. माँटेसोरीची साधने महाग, परदेशी धर्तीची. ताराबाई-अनुताईंनी शिंपले, बिया, काटक्या, बांबू, पाने घेतली. त्याच वस्तूंवर सहावीत आम्ही हसलो होतो.

तिसरी अडचण टेकडीवर आली. १९५७ च्या सुमारास काम कोसबाडला हलले. तिथल्या वारली पाड्यांत आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ असे. मुलगा येत नसे, कारण तो गुरांमागे असे. आपण म्हटले असते, यांना शिक्षणाची आवडच नाही. यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. भाऊ पाळण्यात, बहीण वर्गात. तीच विकासवाडी. आणि गुराख्यांसाठी शिक्षक साहित्य घेऊन कुरणावर गेले. गुरे चरताहेत आणि शेजारी वर्ग भरला आहे. तिचे नाव कुरणशाळा. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग घेतले.

या सगळ्यामागे एकच साधा विचार आहे. मूल शाळेत येत नसेल तर चूक मुलाची समजायची नाही. ते का येत नाही ते त्याच्या घरी जाऊन पाहायचे, आणि मग शाळेने आपली वेळ, जागा, पद्धत बदलायची. इतर शाळा हजर मुलांना शिकवत होत्या. या दोघींनी आयुष्यभर गैरहजर मुलांचा माग काढला. ३१ ऑगस्ट १९७३ ला ताराबाई गेल्या आणि सगळा भार अनुताईंवर आला. तेव्हा त्या त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. लोक निवृत्त होतात त्या वयात त्यांनी पुढची जवळजवळ वीस वर्षे काम वाढवले. मूकबधिर मुलांच्या शाळेपर्यंत ते पोहोचले. १९८५ साली पद्मश्री मिळाली.

आता १९७३ सालीच आपल्या वर्गात काय चालले होते ते सांगतो.

आपण आठवीत होतो. मी मॉनिटर होतो आणि हजेरी घ्यायचे काम माझ्याकडे होते. पटावर ४८ नावे होती. मला ती अजून क्रमाने म्हणता येतात, घरी नातवंडांना ती माझी करमणूक वाटते. खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर आपला एक मित्र बसायचा. त्याचे नाव मी इथे घेत नाही, त्याचे कारण शेवटी सांगतो. तो पाड्यावरून चालत यायचा. भूमिती त्याला आपल्या सगळ्यांपेक्षा चांगली यायची. कंपास नव्हता, पण नुसत्या हाताने असे वर्तुळ काढायचा की बाई फळ्यावर त्यालाच बोलवायच्या.

दिवाळीच्या सुटीनंतर तो आला नाही. मी रोज त्याचे नाव घ्यायचो आणि पुढे 'गै' लिहायचो. तीन आठवड्यांनी वर्गशिक्षक सरांनी मला बोलावले. "शनिवारी शाळा सुटल्यावर त्याच्या घरी जा आणि का येत नाही ते विचारून ये," म्हणाले.

सर, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात. बावन्न वर्षांनी सांगतो. मी गेलो नाही. त्या शनिवारी किनाऱ्यावर क्रिकेटचा सामना होता. सोमवारी मी तुम्हाला सांगितले, "सर, घर बंद होते. शेजारी म्हणाले, आता येणार नाही." तुम्ही विश्वास ठेवलात. काही दिवसांनी त्याच्या नावावर लाल शाईने रेघ आली आणि माझे हजेरी घेण्याचे काम एका नावाने हलके झाले.

या मेळाव्यासाठी यादी करायची वेळ आली तेव्हा समितीने मलाच ती करायला सांगितले. दहावीच्या फोटोत आपण ३३ जण आहोत, आणि व्हॉट्सअॅप गटावरही तेवढ्यांचाच शोध चालला होता. मी ४८ मोजायला लागलो. तिघांच्या वडिलांच्या बदल्या झाल्या होत्या. उरले बारा. त्यांतल्या चौघी मुली. दोघींची लग्ने नववीतच झाली हे आपल्याला तेव्हाही माहीत होते, आपण त्यांच्या लग्नाचे लाडू खाल्ले होते. या बारा जणांना आपण 'आपले वर्गमित्र' म्हणायचे की नाही, यावर समितीत चर्चा झाली. एकाने विचारले, "पण ते आपल्या बॅचचे कसे? ते पास आऊट नाहीत." मी काही बोललो नाही. घरी येऊन 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे अनुताईंचे आत्मचरित्र पुन्हा वाचायला घेतले. मग पुढच्या शनिवारी, बावन्न वर्षे उशिराने, पाड्यावर गेलो.

घर बंद नव्हते. तो ओटीवर बसून दोरी वळत होता. मला पाहून थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "तूच ना तो मॉनिटर?" त्याच्या बायकोने पाणी आणले. मी माझी गोष्ट सांगितली, सरांना खोटे बोललो ते सांगितले. तो हसला. त्याने सांगितले की त्या दिवाळीनंतर सगळे घर वीटभट्टीवर गेले होते. पावसाळ्याआधी परत आले तेव्हा तो शाळेच्या फाटकापर्यंत आला होता. शिपायाने सांगितले, नाव कमी झाले आहे. तो तिथूनच मागे फिरला. "कोणी विचारायला आला असता तर बापाने मला आजीजवळ ठेवला असता," असे तो म्हणाला, पण त्यात राग नव्हता. मला राग चालला असता.

निघताना मी म्हटले, मेळाव्याला ये. तो म्हणाला, "मी तर दहावी नाही. मला कसे चालेल?" मी म्हटले, चालेल, मी स्वतः न्यायला येतो. त्याने तारीख विचारली आणि मान हलवली. रविवारी वाडीत चिकूची तोडणी असते. या वयातही तो मजुरीला जातो, आणि एक दिवस बुडवणे त्याला परवडत नाही. म्हणून तो आज इथे नाही. त्याचे नाव मी घेत नाही, कारण त्याच्या गैरहजेरीत ते पुकारायचा मला अधिकार नाही. एकदा ते मी खूप दिवस पुकारले आहे.

मित्रहो, आपण अनुताईंच्या तसबिरीला हार घातला. चांगले केले. पण अनुताई आज या मंडपात आल्या असत्या तर त्यांचे पहिले लक्ष, मला वाटते, रिकाम्या खुर्च्यांकडे गेले असते. आले त्यांची जेवणे होतील, फोटो होतील. जे आले नाहीत ते का आले नाहीत, हे शोधण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्या आपल्या शाळेच्या नव्हत्या, आपल्या गावच्याही मूळच्या नव्हत्या. तेराव्या वर्षी ज्या मुलीच्या आयुष्यावर रेघ मारली गेली, तिने इथे येऊन हजारो मुलांच्या नावांवरची रेघ पुसली. आणि आपण इथलेच असून बारा नावे विसरलो.

म्हणून माझी एक सूचना आहे आणि ती मी समितीकडे लेखी दिली आहे. एक, या स्मरणिकेत तुकडीची यादी छापताना ४८ नावे छापावीत, आठवीच्या पटाच्या क्रमाने, कोणाच्याही नावापुढे काहीही न लिहिता. दोन, बारा जणांपैकी प्रत्येकाचा शोध आपल्यातल्या दोघा-दोघांनी घ्यावा. फोनवर नाही, घरी जाऊन. पाड्यावरच्या मित्राकडे पुन्हा मी जाणार आहेच, माझ्याबरोबर कोण येते ते सांगा. त्या मैत्रिणींकडे आपल्या मैत्रिणींनी जावे. काही जण आता नसतीलही. त्यांच्या मुलांना भेटावे. तीन, पुढच्या वर्षीचा मेळावा ज्या दिवशी तोडणी नसेल त्या दिवशी ठेवावा, आणि जमल्यास मंडप इथे न घालता पाड्यावर घालावा. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे नेता येते, हे याच मातीत सिद्ध झाले आहे. मग मेळावा नेता येणार नाही असे नाही.

सर, त्या शनिवारचे काम आता करून आलो आहे. घर उघडे होते. तो भेटला. का येत नव्हता ते विचारले. तुम्ही सांगितले होते ना, विचारून ये म्हणून.