साहेबांच्या खोलीतील परिप्रश्न
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आताच आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा टाळ्यांच्या गजरात सत्कार केला. यांतील बहुतेक मुलेमुली दोन-चार वर्षांत कोणा ना कोणा वरिष्ठाच्या हाताखाली नोकरीस लागतील. कोणी सरकारी कचेरीत जाईल, कोणी बँकेत, कोणी हिंजवडीच्या एखाद्या संगणक कंपनीत. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे हे त्यांस पंधरा-सोळा वर्षे शिकविले गेले. प्रश्न कसा विचारावा, आणि तोही आपल्यावर रुष्ट झालेल्या साहेबांस, हे मात्र कोणी शिकविलेले नाही. चिटणीसांनी आम्हांस बोलण्याची आज्ञा केली तेव्हा हाच विषय घ्यावा असे आम्हांस वाटले, त्यास कारण आहे.

रविवारी सकाळी आम्ही मंडळाच्या कचेरीत बसतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, सभागृहाचे भाडे, वधुवरांची नोंदणी अशी कामे चाललेली असतात. अलीकडे त्यांत आणखी एका कामाची भर पडली आहे. एखादा तरुण वडिलांस बरोबर घेऊन येतो. साहेबांशी मुळीच पटत नाही, तेव्हा त्यांच्या वरच्या जागेवर आपल्यापैकी कोणी ओळखीचे आहे काय, अशी पृच्छा होते. वडील बोलतात, मुलगा खाली पाहत असतो. आम्ही त्यास एवढेच विचारतो, "बाळ, तू स्वतः साहेबांस काय विचारलेस?" बहुधा उत्तर येते, "काही नाही. विचारून काय उपयोग?"

ज्ञातीने आपल्या माणसाच्या पाठीशी उभे राहावे याविषयी आमचे दुमत नाही. याच मंडळाच्या वसतिगृहात राहून आम्ही शिकलो. परंतु जे काम एका नीट प्रश्नाने झाले असते, त्यासाठी वशिल्याची शोधाशोध करावी हे आम्हांस रुचत नाही. वशिल्याने फार तर बदली होईल. नव्या कचेरीतही साहेब असणारच.

भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानप्राप्तीसाठी प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा अशा तीन गोष्टी सांगितल्या आहेत. आमच्या कचेऱ्यांनी पहिली आणि तिसरी मोठ्या निष्ठेने जोपासली. मधली तेवढी गळून पडली.

आता विचारावे कसे, हे एका उदाहरणाने सांगतो. आमच्या परिचयातील एक कन्या बँकेच्या कर्जविभागात आहे. तिने लिहिलेली टिपणे साहेब लाल शाईने रेघोट्या मारून परत पाठवीत. तीन वेळा असे झाल्यावर ती धीर करून आत गेली व म्हणाली, "सर, माझे नक्की काय चुकते?" साहेब उत्तरले, "सगळेच." ती डोळे पुसत घरी आली. वास्तविक तिच्या हेतूत काही वावगे नव्हते. प्रश्नाचा रोख तेवढा अडचणीचा होता. 'माझे काय चुकते' असे विचारले म्हणजे आपण साहेबांस न्यायासनावर बसवितो आणि स्वतः आरोपी होतो. चिडलेल्या माणसापाशी चुकांची यादी तयार नसते, राग मात्र तयार असतो. आम्ही तिला सुचविले की, पुढच्या वेळी आपली जुनी टिपणे बरोबर ने आणि विचार, "यांतले त्यांतल्या त्यात आपल्या उपयोगी पडले असे कोणते?" आठवड्याने तिने तसे विचारले. साहेबांनी कागद चाळले, एक बाजूस काढला आणि म्हणाले, "हे. यात निर्णय पहिल्याच परिच्छेदात आहे. मला वरच्या बैठकीत दोन मिनिटे मिळतात. पाचव्या पानावरचा निष्कर्ष मी तिथे कधी शोधू?" तीन महिन्यांचे कोडे असे उलगडले. साहेबांच्याही डोक्यावर साहेब आहे, ही गोष्ट त्या खोलीत आपण हटकून विसरतो.

म्हणून साहेबांपाशी अमूक एक माप आहे असे गृहीत धरावे आणि ते माप विचारून घ्यावे. हे न केल्याने काय होते, याचा दाखला न्यायालयाच्या दफ्तरी आहे. सीमेवरील रस्ते बांधणाऱ्या केंद्रीय सेवेतील एका कार्यकारी अभियंत्यांच्या गोपनीय अहवालात १९९३-९४ या वर्षासाठी 'चांगला' असा शेरा होता. वाईट शेरा तेवढा कळवावा अशी वहिवाट असल्याने हा शेरा त्यांस कळविलाच गेला नाही. बढतीसाठी मात्र पाच वर्षे 'अति चांगला' असा शेरा आवश्यक होता. कनिष्ठ पुढे गेले, हे मागे राहिले. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली असा निर्णय दिला की, अहवालातील प्रत्येक शेरा, मग तो कसाही असो, त्या कर्मचाऱ्यास कळविलाच पाहिजे. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तोच कायम केला. आमच्या वेळी हा अहवाल कुलुपात असे आणि आम्ही साहेबांच्या मुद्रेवरून अदमास बांधीत असू. आज सरकारी नोकरास तो वाचावयास मिळतो. पण वर्ष सरल्यावर मिळतो. एप्रिलमध्येच आत जाऊन, "या वर्षाअखेर कोणते काम झालेले दिसले म्हणजे आपण ते उत्तम झाले असे म्हणाल?" असे विचारण्यास कोणतीही आडकाठी नाही. खाजगी कंपनीत तर हे विचारणे अधिकच निकडीचे, कारण तेथील मोजमाप दरसाल बदलू शकते.

साहेबांनी तोंडी सांगितलेले काम खटकत असेल तर काय करावे, असाही प्रश्न आमच्याकडे येतो. आज्ञा लेखी मागितली तर उद्धटपणा दिसेल, या भीतीने पुष्कळांची मान पुढे अडकली आहे. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत तोंडी आज्ञा शक्यतो टाळावी असे म्हटले आहे. ती मिळालीच तर लवकरात लवकर लेखी दुजोरा मागणे हे कनिष्ठाचे, व तो देणे हे वरिष्ठाचे कर्तव्य ठरविले आहे. तेव्हा "साहेब, आपण सांगितलेले मी असे समजलो, हे बरोबर आहे ना?" अशा चार ओळी त्याच दिवशी लिहून पाठवाव्यात. गैरसमज असेल तर तो येथेच फिटतो, आणि काही वेगळे असेल तर साहेबही पुन्हा विचार करतात.

नम्रतेचाही अतिरेक होतो, हे मात्र सांगितले पाहिजे. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ येथील विमानतळावर २७ मार्च १९७७ रोजी दाट धुक्यात दोन प्रचंड विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली व ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानातील अभियंत्याने कप्तानास विचारले होते की, ते दुसरे विमान अजून बाजूस झालेले नाही काय? कप्तान कंपनीतील ज्येष्ठांपैकी एक. त्यांनी ठासून सांगितले की झाले आहे. आणि तो प्रश्न तेथेच संपला. त्यानंतरच्या वर्षांत, वरिष्ठास शंका स्पष्टपणे कशी सांगावी आणि वरिष्ठाने ती कशी ऐकावी, याचे शिक्षण विमानचालकांस जगभर दिले जाऊ लागले. आपल्या कचेरीत सुदैवाने प्राणावर बेतत नाही. तरी पुलाचा नकाशा, औषधाची मात्रा, लेखापरीक्षेची तारीख अशी कामे आपलीच मुले करतात. तेथे प्रश्नाबरोबर कारणही बोलून दाखवावे: "साहेब, मला या आकड्याविषयी शंका आहे, कारण जुन्या नोंदीत तो निराळा आहे. पुढे जाण्यापूर्वी एकदा पाहावे काय?" एवढे बोलावे आणि गप्प राहावे. आपल्याकडील मुले प्रश्न विचारतात आणि साहेबांनी तोंड उघडण्याआधी स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतात.

वेळही पाहावी. मार्चअखेर, चारचौघांत किंवा साहेब घड्याळाकडे पाहत असताना विचारलेला शहाणा प्रश्नही फुकट जातो.

प्रत्येक साहेब प्रश्नाने वळतो असा आमचा दावा नाही. अपमान करण्यातच ज्यास गोडी आहे त्यापुढे परिप्रश्न काय करणार? विशेषतः आमच्या भगिनींस सांगतो, कामाच्या जागी लैंगिक छळ होत असेल तर तेथे गोड शब्द शोधीत बसू नये. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती बंधनकारक केली आहे, तिच्याकडे जावे. अशा प्रसंगी मंडळाने खंबीरपणे पाठीशी राहावे.

शेवटचा शब्द समोरच्या रांगांतील ज्येष्ठांसाठी. आपल्यापैकी कित्येक जण स्वतःच साहेब आहेत. रविवारी ज्या मुलाच्या साहेबाविषयी आपण हळहळतो, तसाच कोणाचा तरी मुलगा सोमवारी आपल्या दारावर टकटक करतो. त्यास "बस" म्हणावे, आणि तो चाचरत असेल तर आपणच विचारावे, "तुला माझ्याकडून काय हवे आहे?"

भोजनाची पाने मांडल्याचा आवाज येत आहे, व मंडळाच्या भोजनास उशीर करण्याचे धाडस आजवर कोणत्याही वक्त्याने केलेले नाही. ज्या तरुणांस काही विचारावयाचे असेल त्यांनी पंगतीत आमच्या शेजारी येऊन बसावे.