पोटाचा विकार, पोटरीची वेदना
(वार्षिक सभेतील भाषण)



क्रोन्स डिसीज आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे दोन प्रमुख विकार. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील डॉ. क्रोन, डॉ. गिन्झबर्ग आणि डॉ. ओपेनहायमर यांनी पहिल्याचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा तो लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा आजार मानला गेला. पुढे लक्षात आले की या विकारांची झळ सांधे, डोळे, त्वचा आणि यकृत यांनाही पोहोचते. स्नायूंचा दाह त्या मानाने विरळा. म्हणूनच त्याचे निदान लांबते.

क्रोन्सच्या रुग्णांत असा दाह पोटऱ्यांत झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. पोटरी हात लावू देत नाही, पाऊल टाकताना कळ येते. रक्तातील सीपीके हे स्नायूंचे एन्झाइम वाढलेलेच असते असे नाही. एमआरआयमध्ये दाह दिसतो. गरज पडल्यास स्नायूचा लहानसा तुकडा काढून तपासतात. अशा दाहाला स्टिरॉइडने बहुधा उतार पडतो.

मात्र पाय दुखण्याची कारणे अनेक आणि त्यांचे उपचार परस्परविरोधी आहेत. आतड्यांच्या दाहाच्या रुग्णांत शिरेमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो. तिला रक्त पातळ करणारे औषध लागते. दीर्घकाळ स्टिरॉइड घेतल्याने मांड्यांचे स्नायू दुबळे झाले असतील, तर तेच औषध हळूहळू कमी करावे लागते. कमरेच्या खोल स्नायूत पू साठला, तर तो बाहेर काढावा लागतो. शिवाय आपल्या देशात आतड्याचा क्षय क्रोन्ससारखाच भासतो. तेथे नुसते स्टिरॉइड दिल्यास क्षय बळावतो.

आप्तजनांना एक कळकळीची विनंती. दुखऱ्या पायाला तेल चोळण्याची आपल्या घरांतील रीत मायेची आहे. परंतु गुठळी असल्यास चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका संभवतो. पोटाच्या अशा रुग्णाचा एक पाय दुखू वा सुजू लागला, तर चोळू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दम लागला किंवा छातीत दुखले, तर तत्काळ रुग्णालयात आणा. स्टिरॉइड मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नका.

देणगीदारहो, एका पोटरीच्या वेदनेमागे डॉपलर, एमआरआय, कधी बायोप्सी असा खर्च उभा राहतो. वर्षानुवर्षांच्या आजारपणाने कुटुंबाची मिळकत आधीच आटलेली असते. तपासणी परवडली नाही, तर उपचार अंदाजावर चालतो; आणि येथे अंदाज चुकणे जिवावर बेतू शकते. निर्धन रुग्णाला अचूक निदान मिळवून देणे, हे आपल्या दानाचे मोठे सार्थक आहे.