लिहिलेलं पाठवा



आजच्या बक्षीस समारंभात बोलण्यासाठी प्राचार्य मॅडमनी फोनवर मला विषय दिला होता, ‘कायदा आणि सार्वजनिक धोरण या क्षेत्रातील संधी’. त्याप्रमाणे टिपणं काढून आणली आहेत. पण मघाशी आत येताना जिन्याखालचा तो लाकडी फळा दिसला. आता आधी त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

मी इथे शिकत असताना त्या फळ्यावर आमचं भित्तिपत्रक लागायचं. सकाळी साडेसातचं कॉलेज. निम्मी मुलं इथून थेट कामावर जाणारी. कुणी तहसील कचेरीत, कुणी सहकारी बँकेत, कुणी एसटीच्या डेपोत. तरीही सोमवारी पहिल्या तासाआधी फळ्यापाशी गर्दी असायची. या आठवड्यात कुणाचा लेख लागलाय, ते पाहायचं असायचं. घटना शिकवणारे आमचे सर तो फळा चालवत. ते आज समोर पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, या वयात, या थंडीत तुम्ही आलात, मला फार बरं वाटलं.

लेख द्यायला सरांची एकच अट होती. ज्या कायद्यावर लिहिलंय, त्याचं कलम स्वतः उघडून वाचलेलं हवं. नुसत्या बातमीवरून लिहिलेला लेख परत यायचा आणि समासात तांबड्या शाईनं लिहिलेलं असायचं, ‘कलम कुठलं?’ मग बेअर ॲक्टसाठी, म्हणजे कायद्याच्या मूळ मजकुरासाठी, वाचनालयात रांग. प्रती थोड्या आणि वाचणारे पुष्कळ. तेव्हाच्या ग्रंथपाल बाई आम्हाला प्रत घरी नेऊ द्यायच्या नाहीत, म्हणून आम्ही कलमं वहीत उतरवून घ्यायचो. आज वकिली करताना जी कलमं मला तोंडपाठ आहेत, ती तिथे हातानं उतरवलेली आहेत.

तर संधी. विधिमंडळाच्या कामासाठी आमदारांना अभ्यास करून देणारी माणसं लागतात, सरकारी खात्यांना मसुदे लिहिणारे लागतात, सामाजिक संस्थांना कायदा समजणारे लागतात. त्यासाठी कुठे अर्ज करायचा, ते तुमचे शिक्षक माझ्यापेक्षा नीट सांगतील. मला त्याच्या आधीचं सांगायचं आहे. कायद्याबद्दल तुम्हाला जे वाटतं, ते कलम वाचून, खाली सही करून लिहा, आणि जिथे ते वाचलं जायला हवं तिथे पाठवा. मित्रांना वाचून दाखवलं म्हणजे काम झालं, असं समजू नका.

लिहून पाठवल्यानं काय होतं, याची आपल्या विदर्भातलीच गोष्ट सांगते. मार्च १९७२. देसाईगंजचं पोलीस ठाणं, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. एका आदिवासी मुलीवर ठाण्यातच अत्याचार झाला. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी ठरवलं, आणि १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केलेला नाही, असं त्या निकालाचं तर्कशास्त्र होतं. निकाल छापून आला, कपाटात गेला. वर्षभर फारसं कुणी काही बोललं नाही.

सप्टेंबर १९७९मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार. हाताशी मोर्चा नव्हता, पद नव्हतं. होता तो निकाल, ओळीन् ओळ वाचलेला. भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे त्यांनी निकालातल्याच मजकुरावर बोट ठेवून दाखवलं. सत्तेपुढे, वर्दीपुढे, रात्रीच्या वेळी ठाण्यात एक गरीब मुलगी किती ओरडू शकते, हा प्रश्न त्यांनी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला विचारला.

निकाल काही बदलला नाही. पण ते पत्र हातोहात फिरलं, १९८०मध्ये मुंबईसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराचा वेगळा गुन्हा झाला. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं त्या स्त्रीनं न्यायालयात सांगितलं, तर न्यायालयानं संमती नव्हती असंच धरून चालायचं, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात आली. मी त्या मुलीचं नाव इथे घेतलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पीडितेची ओळख उघड करायची नाही, हे कलमसुद्धा त्याच १९८३च्या दुरुस्तीतलं. मी कोर्टात उभी राहते तेव्हा या कलमांमागे मला ते पत्र दिसतं. माझ्या अशील बायकांना त्याचा आधार आजही मिळतो, आणि त्यांतल्या एकीलाही ते पत्र माहीत नसतं.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, ते मोठे प्राध्यापक होते. मग १९१९ पाहा. मताधिकाराचा विचार करायला साउथबरो समिती आली, तेव्हा बाबासाहेब आंबेडकर सत्तावीस वर्षांचे होते, सिडनहॅम कॉलेजात शिकवत होते. त्यांनी समितीला लेखी निवेदन दिलं आणि समोर बसून साक्षही दिली. त्याच्याही आधी, १८८२मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन पाठवलं. निदान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी त्यात आहे. शिक्षणहक्क कायदा लागू झाला एप्रिल २०१०मध्ये. मधली १२८ वर्षं मोजा. जोतीरावांनी ते लिहून पाठवलं नसतं, तर ही मागणी इतकी जुनी आहे हे आपण आज कशाच्या आधारानं सांगितलं असतं?

आज तर दार सरकारनंच उघडं ठेवलंय. केंद्राच्या २०१४च्या धोरणानुसार विधेयकाचा मसुदा निदान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. नियम पूर्वप्रसिद्धी करून करायचे असतील, तर आलेल्या हरकती आणि सूचनांचा विचार करणं १८९७च्या सर्वसाधारण कलमे अधिनियमानं बंधनकारक आहे. स्त्रियांवरील अत्याचारांबाबतचे कायदे सुधारण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीकडे महिनाभरात सुमारे ऐंशी हजार सूचना आल्या होत्या, आणि समितीनं एकोणतीस दिवसांत अहवाल दिला. आणि आपल्या गावात? राजपत्रात मसुदा येतो, मुदत संपते, हरकत एकाचीही नसते. नंतर वर्षानुवर्षं आपण त्याच नियमाविरुद्ध कोर्टात भांडत बसतो. हे मी रोज बघते आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो.

पालक मंडळींना एक विनंती. मुलगी काही लिहून पाठवतेय म्हटल्यावर ‘कशाला नसत्या भानगडीत पडतेस’ असं म्हणू नका. त्या मागे बसलेल्या ताई मान हलवताहेत, त्यांना पटलेलं दिसतंय. आणि कॉलेजच्या नियतकालिकाच्या संपादक मुली इथे पुढेच बसल्या आहेत. अंकात कविता असू द्या, सहलीचे फोटो असू द्या. पण यंदा एका मसुद्यावरचा एक लेख हवाच, मराठीत, आणि त्याचीच प्रत संबंधित खात्याकडे गेलेली हवी. लेख मोठा नको. कुठलं कलम, त्यात अडचण काय, ती कुणाला सोसावी लागेल, आणि त्या जागी कोणते शब्द हवेत. शेवटचं टाळू नका. नुसती तक्रार वाचून अधिकारी फाइल बाजूला ठेवतो. तयार वाक्य मिळालं, तर ते मसुद्यात घालणं त्याला सोपं जातं.

येत्या शनिवारी पहिला तास संपला की मी वाचनालयात येते. हरकतींसाठी खुला असलेला मसुदा तुम्हीच निवडून, छापून आणा. मुदत संपायला चार दिवस उरले असले तरी चालेल. ग्रंथपाल मॅडम, खिडकीजवळचं मोठं टेबल तेवढं मोकळं ठेवा. सर, तुम्हाला घ्यायला मी गाडी पाठवते, तांबडी शाई मात्र तुम्ही आणायची.

आता बक्षिसं देऊया, मुलं केव्हाची थांबली आहेत.